कच्चा लाल

"फोटोत तर माझे हात पाठीमागे आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग हे तुम्हाला दिसले कुठे?"

खुर्चीत रेलून बसलेले काका एकदम ताठ झाले. समोर इझलवर फोटोवरून काढलेलं मोठ्या बाईंचं पोर्ट्रेट होतं. शनिवारी त्या शाळेतून निवृत्त होणार आणि चित्र सभागृहात लागणार. चित्रातली करंगळी जराशी वाकडी होती. नखांच्या कडेला खडूची पांढरी रेघ होती. उजव्या बाहीवर, घाईघाईत फळा कोपराने पुसल्याचा डाग होता. यातलं काहीच फोटोत नव्हतं. हे दिसायला तिसऱ्या बाकावर बसावं लागतं, तीन वर्षं, आणि गणिताकडे अजिबात लक्ष नसावं लागतं.

कोपऱ्यात ब्रश धूत असलेल्या भिंगरीने श्वास रोखला. आता काका सांगतील. आता सांगावंच लागेल. दोन वर्षं झाली, त्यांचा हात थरथरतो. चित्राच्या चौकटीपासून बाईंच्या पापण्यांपर्यंत सगळं भिंगरीनेच केलं होतं. काकांना फक्त सही जमायची, कारण तिच्यात एकही सरळ रेघ नव्हती.

"कलावंताची नजर, बाई!" काका म्हणाले. "आम्हाला डोळे मिटूनही दिसतं."

"असं?" बाई भिंगरीकडे वळल्या. "ही आमच्याच वर्गातली. हीसुद्धा काढते का काही?"

"ही? माझी पुतणी हो. ब्रश धुते." काकांनी एक क्षण थांबून मजा घेतली. "पण धुते हं छान!"

स्वतःच्या विनोदावर ते पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. भिंगरीच्या कानांच्या पाळ्या तापून लाल झाल्या. सकाळीच तिने सगळं धैर्य गोळा करून विचारलं होतं, "काका, या एकाच चित्रावर माझं नाव घालू? खाली, अगदी बारीक?" आणि काका चहाचा घोट घेत म्हणाले होते, "सुतार टेबलावर नाव कोरतो का गं? दुकान माझं, नाव माझं."

"भिंगरे, सहीचा लाल काढ!"

फळीवर लाल रंगाचे दोन डबे होते. एक पक्का, एक कच्चा. पक्का चित्रांसाठी, कच्चा दुकानांच्या पाट्यांसाठी. ओला असताना कच्चाच जास्त झळझळीत दिसतो, पण वर्षभर ऊन खाल्लं की पार उडून जातो. मग दुकानदार नवी पाटी करायला परत येतो, आणि येतो तो उन्हाला शिव्या देत. ही युक्ती काकांचीच. त्यांनीच ती डोळा मारून भिंगरीला शिकवली होती: "धंदा टिकायला हवा ना, मग रंग टिकून कसं चालेल?"

तिचा हात पक्क्या डब्यावर गेला. झाकणावर टेकला. तिथेच थांबला.

पण धुते हं छान.

हात वीतभर डावीकडे सरकला.

तिने रंग मन लावून घोटला, तेलाचे दोन थेंब जास्त घातले, ब्रशचं टोक ओठांनी करावं तसं बोटांनी नाजूक केलं आणि पॅलेट अदबीने काकांच्या पुढे धरली. इतक्या अदबीने, की काकांनी एरवी संशय घेतला असता. पण बाई बघत होत्या. काका उठले, खांदे मागे घेतले आणि सही ठोकली. वेलांट्या, गाठी, गिरक्या, आणि शेवटी चित्रातल्या बाईंच्या बुटापर्यंत पोचणारं लांबलचक शेपूट.

"वा! आज लाल काय खुललाय!"

"सभागृहात दोन जागा आहेत," बाई म्हणाल्या. "एक दाराशेजारी, सावलीतली. दुसरी मोठ्या खिडकीसमोर. पण तिथे ऊन फार येतं."

"खिडकीसमोर," भिंगरी म्हणाली. आवाज इतका खणखणीत निघाला की ती स्वतःच दचकली. "म्हणजे काकांची सही दारातूनच दिसेल."

"बघा!" काकांनी मांडीवर थाप मारली. "शिकतेय पोरगी! लावा खुशाल खिडकीसमोर. माझा लाल उन्हाला भीत नाही, लिहून देतो."

बाईंनी भिंगरीच्या हातांकडे पाहिलं. तिच्या नखांच्या कडेला पांढऱ्या रंगाची बारीक रेघ होती, चित्रातल्या खडूच्या रेघेइतकीच पांढरी. बाई जरा वेळ तिकडेच बघत राहिल्या.

"शिकतेय खरी," त्या म्हणाल्या. "ठरलं मग. खिडकीसमोर."

काका त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेले. बाहेरून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. बहुतेक तोच विनोद पुन्हा सांगत असावेत.

भिंगरीने ब्रश धुतला. छान धुतला. मग ती चित्रासमोर उकिडवी बसली आणि ओल्या सहीला धक्का न लावता, तिच्यावर अधांतरी हात धरून मोजू लागली. एक वीत आणि वर चार बोटं.

तिचं नाव तेवढ्या जागेत आरामात मावत होतं. आडनावासकट.