तिसरं वळण

तिसऱ्या वळणावर चष्मेवाल्यानं पुन्हा पाय टेकला. गेल्या रविवारी निदान वळणावरच्या झाडापर्यंत तरी पोचला होता. आज त्याच्याही अलीकडे दम संपला.

मागून बँकवाला आला. सायकल त्याच्या मुलीची, हँडलला पुढे टोपलीसुद्धा होती. "चालू द्या निवांत," म्हणत तो वर निघूनही गेला.

चष्मेवाला कठड्यावर बसला. बसवेना म्हणून उठला, परत बसला. मनगटावर नाडी चाचपली. वर्षापूर्वी हाच चढ तो एका दमात चढत होता.

त्याचे वडील याच वयात गेले. हृदय कमकुवत आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, त्यांनी हाय खाल्ली आणि अंथरूण धरलं ते धरलंच. दुखण्यानं नाही, धास्तीनं गेले, असं घरात सगळे म्हणत. तोच किडा आता याच्या डोक्यात वळवळत होता. दुकानात चष्म्याची काडी बसवतानाही याचं लक्ष छातीकडे.

शेवटी काही महिन्यांपूर्वी बायकोनं त्याला आपल्या थोरल्या भावाकडे नेलं. मेहुणा हृदयाचा डॉक्टर. सगळ्या तपासण्या झाल्या.

"काही नाही हो भाऊजी, ठणठणीत आहात," मेहुणा बहिणीकडे बघत म्हणाला. "या गोळ्या तेवढ्या घेत जा. आणि चढबिढ सोडा, सपाटीवर फिरा."

"ठणठणीत आहे, तर चढ का सोडू?"

"वय झालं आता."

झालं. वय काढल्यावर हा कसला ऐकतोय. पुढच्याच रविवारी सायकल चढाला लावली.

"यांना नको म्हणावं आणि यांनी नेमकं तेच करावं," बायको म्हणाली. "आता मी बोलणारच नाही."

आणि खरंच बोलली नाही. उलट दर शनिवारी संध्याकाळी त्याची सायकल स्वतः पुसून ठेवायला लागली. शिलाई मशीनचा तेल-पेचकसाचा डबा, जुनं फडकं, आणि बाई अंगणात फतकल मारून बसलेली. हात काळेकुट्ट व्हायचे. ते बघून त्याला भरून यायचं.

"कशाला एवढं करतेस?"

"असू द्या. तेवढंच मनाला बरं वाटतं."

पण चढ काही सोपा होईना, उलट दर रविवारी जडच जात होता. यंत्रांना दिसलं नसेल, मेहुण्यालाही कळलं नसेल, पण पायांना कळतंय, असं त्याला वाटायचं. रात्री कूस बदलून बदलून चादरीचा बोळा व्हायचा.

आता वैतागून त्यानं कठड्याला टेकवलेली सायकल लाथाडली. ती आडवी पडली. मागचं चाक जेमतेम अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं.

त्यानं भुवई उंचावली. चाक उचलून पुन्हा फिरवलं. पुन्हा थांबलं. वाकून बघतो तर ब्रेकचं रबर चाकाला चिकटलेलं, आणि बाजूचा बारीक स्क्रू पार आत पिळलेला. अख्खा जन्म स्क्रू पिळण्यात गेलेला माणूस तो. पुसता पुसता फिरला असेल बिचारीच्या हातून, तो मनात म्हणाला.

खिशातला दुकानाचा छोटा पेचकस काढून त्यानं स्क्रू सैल केला. चाक भिरभिरत राहिलं. तो एकटाच हसत सुटला. इतके महिने जीव टांगणीला, आणि दोष होता सायकलीत.

मग तो कुठं थांबतोय? वळण गेलं, झाड गेलं, बँकवाल्याची टोपलीही मागे पडली. शेवटच्या टप्प्यात डाव्या दंडातून कळ गेली. हँडल वर घ्यायला हवं, असं म्हणून त्यानं हात झटकला आणि माथा गाठला. अंगावर घामाचा पूर. पहिला फोन बायकोला.

"अगं, वर आलो. न थांबता."

"न थांबता?" तिनं विचारलं.

"ब्रेक घासत होता चाकाला. तुझ्याच हातून आवळला गेला असणार. सैल केला आणि आलो की भर्रकन. रागावलो नाही हां, उलट मनावरचा दगड उतरला."

"अहो, आधी खाली बसा," ती म्हणाली. तिचा आवाज ओळखू येईना. "अजिबात हलू नका, मी दादाला घेऊन येतेय. तो ब्रेक मी मुद्दाम आवळत होते."