रुईवरची फुलपाखरं

कुरणाच्या कडेला गाडी थांबवून तय्यबने चपला काढल्या, तशा अमीरुन्निसानेही काढल्या. गवत अजून कोमट होतं. ओमानातल्या रुस्ताकच्या डोंगरावरून ऊन उतरत चाललं होतं आणि रुईच्या झुडपांवर केशरी फुलपाखरं इतकी सावकाश उडत होती, जणू पाण्यात तरंगताहेत.

"ही पळत नाय माणसाला बघून?" तिने नवऱ्याला विचारलं.

"कशाला पळतील? रुईचा पाला खाऊन वाढलेली. अंग कडू. पक्षीपण तोंड लावत नाय."

सुट्ट्या सोडल्या तर त्यांचा सगळा संसार फोनवरच झाला होता. यंदा पहिल्यांदा ती रत्नागिरीहून त्याच्याकडे आली होती, पाहुणी म्हणून. सोमवारी तिचं परतीचं विमान होतं. फोनवर तासन्‌तास बोलणारा हा माणूस समोरासमोर मात्र "जेवलीस?" एवढं विचारून गप्प व्हायचा.

"फोनवर तुमी लई बोलता," ती म्हणाली.

"फोनवर तू समोर नसतेस."

ती हसली. हसता हसता तिने फुलाला हात लावला, तर त्यावरचं फुलपाखरूच बोटांत आलं. पाय आखडून, पंख मिटून ते तिच्या तळहातावर कलंडलं.

"मेलं वो! माझ्या हातनं मेलं!"

"मेलं नाय. सोंग घेतलंय. हालू नको."

तय्यबने तिच्या तळहाताखाली आपला हात धरला. दोघं तशीच उभी राहिली. कुरणात चरणाऱ्या शेळ्या त्यांना वळसा घालून गेल्या. बऱ्याच वेळाने पंख किंचित उघडले, मिटले, पुन्हा उघडले आणि फुलपाखरू उठून गेलं. तय्यबचा हात तिथंच राहिला.

मग गवतावरून एक फुलपाखरू जडसं उडत गेलं. त्याच्याखाली दुसरं लोंबत होतं.

"त्याला काय लटकलंय?"

"जोडी हाय. एक उडतं, दुसरं पंख मिटून असतं."

ती जोडी पलीकडच्या झुडपावर टेकेपर्यंत अमीरुन्निसा बघत राहिली. "लटकलेल्याला भ्या नाय वाटत?"

"सोमवारी जाऊ नको," तय्यब एकदम म्हणाला. आवाज इतका खाली की शेळ्यांच्या घंटांत बुडून गेला.

"काय?" तिला ऐकू आलं होतं.

"ऱ्हा इथं. कायमची. अर्बाबशी, माझ्या मालकाशी, बोललोय मी. व्हिसाचे कागद होतील, इन्शाल्ला."

ऊन डोंगराआड गेलं. फुलपाखरं एकेक करून सुक्या फांदीवर येत होती, पंख मिटत होती आणि वाळलेल्या पानांसारखी दिसू लागत होती. अमीरुन्निसा फांदीकडेच बघत होती. तय्यबने मान खाली घातली.

"तुमचा भाताचा टोप एका माणसाचा हाय," ती म्हणाली. "उद्या मोठा बघू."