उष्टावणाची खीर

शाल्मलीने मामाची आणि स्वतःची थुंकी काचपट्टीवर लावली. विषाणू कुणाकडून कुणाकडे गेला, ते आता घरबसल्या फोनवर दिसायचं. मामाच्या मानेतली कॅन्सरची गाठ, लिम्फोमा, एका विषाणूमुळेच वाढली होती, आणि तो आपणच दिला अशी तिची खात्री होती. त्याचं आइसक्रीम कायम उष्टं कोण करायचं? तीच!

पण फोनवरचा बाण उलटाच निघाला. मामाकडून तिच्याकडे.

"तुझं उष्टावण गं," समोर आइसक्रीम खाणारा मामा पुटपुटला. "खीर गरम आहे का ते चाखलं आणि त्याच चमच्याने तुला भरवली."

म्हणजे चूक तिची नव्हती! पण म्हणजे तो विषाणू तिच्यातही होता!

"मग मला का नाही झालं?"

"बहुतेकांच्यात तो जन्मभर नुसता झोपून असतो म्हणे. माझ्यातच का उठला, डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही."

हसावं की रडावं, तिला कळेना. मामाने चमचा घाईघाईने पाठीमागे लपवला.

"आता लपवून काय उपयोग, मामा? माझ्यातला तुझाच आहे ना?"

तिने चमचा ओढून घेतला आणि त्याच्या वाटीतलं आइसक्रीम खाल्लं.