एक दात घट्ट

“एक दात घट्ट कर. एकच हं, हावरटपणा नको,” मेस्त्री म्हणाले.

बॉनेटखाली वाकलेल्या त्यांच्या लेकीने, ठमीने, हवेच्या सेन्सरचं काळं झाकण काढून ठेवलं होतं. आत स्प्रिंग ताणणारं छोटं दातेरी चाक होतं. तिने ते स्क्रूड्रायव्हरने एक दात पुढे सरकवलं. इंजिन चालूच होतं. मागून काळा धूरही येतच राहिला.

मेस्त्रींनी मडगार्डवर तळहात टेकवला.

एकेकाळी लोक लांबून गाड्या आणायचे, ते मेस्त्रींच्या कानासाठी. नुसतं ऐकून ते इंजिनचं दुखणं सांगायचे. आता तेच कान संपावर गेले होते. गेलं वर्षभर त्यांना इंजिन हाताने कळायचं आणि माणसं ओठांवरून. हे त्यांनी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. ठमीची आई केव्हाच गेलेली. त्यात बाप बहिरा झालाय हे कळलं असतं, तर ठमाबाईंनी भरलेली बॅग रिकामी करून कपडे पुन्हा कपाटात रचले असते. आणि दूरच्या शहरातली ती नोकरी? आजच निघायचं होतं, याच गाडीने. छे, कळताच कामा नये!

ठमी बाहेर आली, बटा मागे सारून समोर उभी राहिली. “ऐकताय ना बाबा? अजून सरकवू?”

“ऐकतोय म्हणजे काय! अजून एक.”

काहीही बोलायचं असलं की ही पोरगी आधी अशी समोर येऊन उभी राहायची. हात कोपरापर्यंत काळे आणि ओठांना लालभडक लिपस्टिक.

“गाडी दुरुस्त करतेस की लग्नाला निघालीस?” मेस्त्रींनी टोमणा मारला. “वर्षभर बघतोय तुझं हे खूळ.”

“असू दे की. शोभत नाही का मला?”

शोभत होतं. मेस्त्रींना एकदम भरून आलं. त्यांनी खोकल्याचं सोंग केलं आणि फडक्याने तोंड पुसलं.

तिसऱ्या दाताला धूर विरळ झाला. तळहाताखालची थरथर शांत झाली.

“बस! आता हात लावू नकोस. बघ कशी गुणगुणतेय!”

ठमीने झाकण बसवलं, हात धुतले, बॅग मागे टाकली. बापाला घट्ट मिठी मारली आणि सोडेचना. “अगं, उशीर होईल,” म्हणत मेस्त्रींनीच तिला गाडीत बसवलं.

तिने दार ओढलं, पट्टा बांधला, काचेची मूठ गरागरा फिरवली. मग मान वळवून सावकाश म्हणाली, “बाबा, शनिवारी येतेय मी. दहाला तयार राहा.”

“का गं? कुठे जायचंय?”

“कानाच्या डॉक्टरकडे. वेळ घेऊन ठेवलीय.”

“कसला डॉक्टर? मला तुझा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतोय!” मेस्त्री कडाडले आणि तावातावाने पुढे वाकले, तर त्यांचं नाक बंद काचेवर आपटलं.