गलबतावरचं मांजर

फुटलेल्या गलबतातून किनाऱ्यावर सगळ्यांत आधी कोण पोचलं, या प्रश्नाला अख्ख्या पाचवीने एकच उत्तर लिहिलं होतं: मांजर. आणि आरमाराच्या त्या कादंबरीत मांजर तर औषधालाही नव्हतं.

"कॉपी केलीत ना? सगळ्यांना शून्य देतो," बोरकर सरांनी दरडावलं.

"नाही सर. पुस्तक एकच होतं, मधल्या सुट्टीत शेवंतीने वाचून दाखवलं," मागून कुणीतरी म्हणालं.

शेवंती उभी राहिली. "गलबत फुटल्यावर सगळे रडायला लागले, सर. पुढचं ऐकेनात. मग मी पाण्यात मांजर सोडलं. शून्य मला एकटीला द्या."

सरांनी लाल पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. मग खुर्ची जरा पुढे ओढली.

"पण एवढ्या लाटांतून ते आलं कसं?"

"आधी त्याच्या शेपटीचं सांगते, सर. शिडाच्या दोराएवढी लांब होती."