वारस, वय चौतीस

"काकू, नैरोबीच्या घराच्या कागदांवर सह्या करायला मुग्धाताई कधी येतील?" वकिलाने विचारलं.

शरयूबाई चमकल्या. मुग्धा सहाव्या वर्षीच नैरोबीत तापाने गेली होती. त्यानंतर यजमानांनी घरात तिचं नाव कधी काढलं नाही. मनातून बाई त्यांना दगड म्हणत.

आता यजमानही गेले होते. त्यांनी दर चार वर्षांनी नव्याने केलेली मृत्युपत्रं वकिलाने पुढे ठेवली. वारस, कन्या मुग्धा, वय दहा. मग चौदा. मग अठरा. शेवटच्यात चौतीस.

"ती नाही हो आता," बाई कशाबशा म्हणाल्या.

वकील गडबडला. "मग तिच्या मृत्यूचा दाखला लागेल. घर तुमच्या नावावर होईल."

"उद्या आणते. आज राहू दे तिला."

बाईंनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि ती खुर्ची मोकळी ठेवली.