तणसाची भिंत

"कोनी मानणार नाही, पण म्या आज वाघाचा जबडा फाडला!" रक्तबंबाळ सुखराम अंगणात ओरडला.

धानाचं तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, दाबून केलेल्या फळ्यांचं करडी गावातलं पहिलं घर त्याचंच. "भीत पडली त मी माहेरी चालली," असं त्याच्या बायकोनं, धुरपतानं, तेव्हाच बजावलं होतं. आता भिंतीला हे भलंमोठं भगदाड!

"भीत लोखंडावानी, पण वाघाच्या धडकेनं फुटली. त्यानं माही मांडी फाडली, म्या कुऱ्हाडीनं त्याचं थोबाड फोडलं. रगताचे पाट वाहिले! बोंबलत नाकाडोंगरीच्या जंगलात पळाला."

धुरपतानं पिशवी काखेत मारली आणि भगदाडाच्या चघळलेल्या कडेवरून हात फिरवला.



"आपल्या रेड्याच्या शिंगाले रगत काहून हाय जी? अन् वाघ कवापासून तणीस खाऊन राहिला?"